पाणी शंभरपट वाढलं, क्षार निम्मेच घटले: ओढ्यातल्या क्षारांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा एक ओढा, साधारण ३ चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र, खाली सगळा बेसाल्ट. डिसेंबरात विसर्ग सेकंदाला ४ लिटर आणि पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) सेंटिमीटरला ३०० मायक्रोसीमेन्स. जुलैच्या मध्यावर विसर्ग ४०० लिटर आणि वाहकता १५०. विचारणाऱ्याचं म्हणणं: पाणी शंभरपट झालं तर क्षार शंभर भागांनी पातळ व्हायला हवे होते, मग मीटर बिघडलाय की विसर्ग चुकीचा मोजलाय? शिवाय नायट्रेट कमी व्हायचं सोडून वाढलंच आहे, ते का?

मीटर बहुधा ठीक आहे. तरी एकदा प्रमाणित द्रावणात तपासून घ्या, आणि नुसत्या १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणावर थांबू नका. तुमचं पाणी दीडशे-तीनशेच्या पट्ट्यातलं आहे, म्हणून ८४ चं द्रावणही आणा. वाचन २५ अंश सेल्सिअसला आणलेलं आहे ना, तेही बघा. अंशाला सुमारे २ टक्के फरक पडतो. दुपारचं आणि पहाटेचं पाणी दुरुस्ती न करता शेजारी मांडलं तर निष्कर्ष हवामानाचा निघेल, क्षारांचा नाही. पण हे सगळं करूनही तुमचे आकडे फारसे हलणार नाहीत. चूक मीटरमध्ये नसून 'पातळ होणं' या कल्पनेत आहे.

आधी साधा हिशोब करू. समजा पावसाच्या पाण्याची वाहकता २० आहे. (पर्जन्यमापकाच्या बाटलीत मीटर बुडवून खरा आकडा घ्या. समुद्राच्या जवळ तो जास्त असतो, कारण पावसाबरोबर मीठही येतं.) डिसेंबरचा ४ लिटरचा पाझर तसाच चालू आहे आणि उरलेलं ३९६ लिटर थेट पावसाचं आहे असं मानलं, तर मिश्रणाची वाहकता २३ च्या आसपास यायला हवी. तुम्हाला १५० मिळाली. आता उलट बाजूने या. ३०० चं आणि २० चं पाणी मिसळून १५० यायची असेल तर ३०० च्या पाण्याचा वाटा ४६ टक्के लागतो, म्हणजे ४०० पैकी जवळपास १८५ लिटर. ज्या जमिनीतून डिसेंबरात ४ लिटर झिरपत होतं, तिच्यातून जुलैत १८५ लिटर येतंय. पाऊस ओढ्यात नुसता भर घालत नाही, तो डोंगराच्या पोटातलं आधीचं पाणी बाहेर ढकलतो.

पाऊस आज पडला आणि जुनं पाणी आजच कसं बाहेर आलं, हा पुढचा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात विचारला जातो. उन्हात पडलेला बागेचा पाइप आठवा. नळ सोडला की पाणी क्षणात येतं, पण ते पोळणारं असतं; पाइपात आधीपासून तापत पडलेलं. नळातलं गार पाणी मागाहून येतं. दाब लगेच पोचतो, पाणी आपल्या चालीने चालत येतं. मुरलेल्या डोंगरउताराचंही असंच आहे. कॅनडात स्क्लॅश आणि फारवोल्डन यांनी १९७९ मध्ये पाण्यातल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) पावसाचं पाणी आणि आधीचं पाणी वेगळं ओळखलं, आणि पुरातही मोठा वाटा आधीच्या पाण्याचा असतो हे दाखवलं. त्याआधी बहुतेकांना पूर म्हणजे पृष्ठभागावरून धावलेला पाऊस एवढंच वाटत असे. आपल्याकडच्या अनेक पाठ्यपुस्तकांत अजून तेच चित्र असतं.

इथे एक सावधगिरी. वरचा ४६ टक्क्यांचा आकडा शब्दशः घेऊ नका. वाहकता ही ओळखपत्रासारखी पक्की खूण नाही. ताजं पावसाचं पाणी मुरमातून काही तास जरी फिरलं तरी त्यात क्षार उतरतात आणि ते 'जुनं' असल्यासारखं दिसू लागतं. किती पाणी खरोखर आधीचं, हे ठरवायचं तर ऑक्सिजन-१८ किंवा ड्युटेरियम (जड हायड्रोजन) ही समस्थानिकं मोजायला हवीत. निदान क्लोराइड तरी, कारण ते दगडाशी फारशी देवाणघेवाण करत नाही. जलशास्त्रज्ञ जेम्स किर्चनर यांनी २००३ मध्ये या प्रकरणाला दुहेरी कोडं म्हटलं. जुनं पाणी इतक्या लवकर कसं बाहेर येतं, हे पहिलं. आणि पुरातलं पाणी जुनंच असेल तर विसर्गाबरोबर त्याचं रसायन बदलतं तरी का, हे दुसरं. तुमचा निम्मा झालेला आकडा या दोन्ही कोड्यांच्या मधोमध बसतो.

आता आलेखाकडे. दोन्ही अक्ष लॉग प्रमाणात (दर खुणेला दहापट) घ्या, आडव्यावर विसर्ग आणि उभ्यावर संहती, म्हणजे लिटरभर पाण्यात पदार्थ किती ते. बिंदूंमधून जाणाऱ्या रेघेचा उतार पाहायचा. उतार उणे १ असेल तर खरोखरच नुसतं पातळ होणं: आत येणारा पदार्थ ठरलेला आणि पाणी वाढतंय. उतार शून्य असेल तर पाणी कितीही वाढो, संहती जागची हलत नाही. उतार धन असेल तर पाण्याबरोबर पदार्थही उठतोय. तुमच्या दोन नोंदींचा उतार येतो उणे ०.१५. दोन बिंदूंवरून काढलेला उतार मी कुणाला दाखवणार नाही, तुम्हीही अहवालात घालू नका. पण दिशा कळायला पुरे आहे. तुमचा ओढा शून्याच्या जवळचा आहे.

आणि यात नवल काही नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रुक नावाचं प्रायोगिक जंगल आहे. तिथल्या छोट्या ओढ्यांवर नॉय जॉन्सन, जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमान आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये जे मांडलं ते आजही कुठल्याही नव्या माणसाला मी आधी सांगतो. विसर्ग हजारो पटींनी बदलत होता, पण सोडियम आणि सिलिका फार तर तिपटीने पातळ होत होते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, क्लोराइड, पोटॅशियम यांत फारसा फरक नव्हता. ॲल्युमिनियम, हायड्रोजन आयन आणि नायट्रेट मात्र पाण्याबरोबर वाढत होते. एकच ओढा, एकच पूर, आणि पदार्थागणिक वेगळी वागणूक. पुढे २००९ मध्ये सारा गॉडसी, किर्चनर आणि डेव्हिड क्लो यांनी अमेरिकेतल्या ५९ पाणलोटांच्या नोंदी एकत्र तपासल्या. विसर्ग कित्येक दशपटींनी बदलला तरी दगडाच्या झिजेतून येणारे क्षार फार तर ३ ते २० पट बदलत होते. म्हणजे उतार शून्याच्या आसपास.

क्षार इतके टिकून का राहतात? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र चालतात, आणि दख्खनच्या दगडात तिन्ही बोट ठेवून दाखवता येतात. पहिली म्हणजे साठा. एका पावसाच्या मानाने डोंगराच्या पोटातलं पाणी पुष्कळ असतं. वरून आलेली सर त्या पाण्यात मिसळून आपली ओळख घालवते.

दुसरी गोष्ट खनिज विरघळण्याच्या वेगाची. ताज्या पाण्यात क्षार आधी भराभर उतरतात. पाणी समतोलाच्या, म्हणजे आणखी क्षार न मावण्याच्या, जवळ पोचलं की वेग मंदावतो. त्यामुळे पाणी मुरमात दोन महिने राहिलं काय किंवा सहा महिने, वाहकतेत फरक थोडाच पडतो. पाणी इतक्या घाईने निघून गेलं की समतोलाजवळ पोचायला वेळच मिळाला नाही, तरच ते खरं पातळ राहतं. बेसाल्टमधली प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन ही मुख्य खनिजं तशी सावकाश झिजतात, पण आपल्या बुडबुड्यांसारख्या पोकळ्यांच्या बेसाल्टमध्ये त्या पोकळ्यांत कॅल्साइट हे चुन्याचं खनिज भरलेलं असतं, आणि ते चटकन विरघळतं. पूर्वेकडे काळ्या जमिनीत कंकर (चुन्याचे खडे) असतात, तेही तसेच. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जुलैच्या पाण्यातही टिकून दिसण्यामागे माझा पहिला संशय यांच्यावर असतो. सिलिकाकडे वेगळं बघा. ती सावकाश उतरते, म्हणून घाईचं पाणी सिलिकेत आधी उघडं पडतं. प्रयोगशाळेत फक्त दोन चाचण्यांचे पैसे असतील तर मी क्लोराइड आणि सिलिका निवडीन.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती पुस्तकापेक्षा विहिरीच्या कडेला उभं राहून लवकर कळते. डिसेंबरात ओढ्याला पाणी पुरवतो तो खालच्या फुटलेल्या दगडातला पाझर, तोही मोजक्या भेगांतून. जुलैत पाण्याची पातळी वर चढते आणि वरचा मुरूम ओला होतो. मुरमात पाणी सहज चालतं, आणि पाण्याला भिडणारा दगडाचा पृष्ठभाग कित्येक पट वाढतो. म्हणजे पाणी वाढतं तसा क्षार पुरवणारा कारखानाही मोठा होत जातो. गॉडसी यांच्या लेखातही खोलीबरोबर दगडाची छिद्रं आणि पाणी वाहू देण्याची क्षमता कमी होत जाते या कल्पनेवर उभं केलेलं गणित आहे, ते जमलं तर वाचा.

याच तर्काने कुठे हे चित्र मोडेल हेही सांगता येतं. कोकणातले जांभ्याचे सडे पहा. जांभा पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसाने धुऊन निघालेला, विरघळण्यासारखं त्यात फार उरलेलं नसतं. तिथल्या पाण्याची वाहकता मुळातच कमी. उघड्या कातळावर मुरायला जागा नाही, पाऊस थेट ओढ्यात उतरतो. तिथे दगडातून येणाऱ्या क्षारांचा उतार उणे १ कडे झुकू शकतो. तुमच्या ओढ्यातही सगळा जुलै एकसारखा नाही. तासाला ४० मिलिमीटरने कोसळत असताना घेतलेला नमुना आणि दोन सरींमधल्या उघडीपीतला नमुना एका रेघेवर बसणार नाहीत. मोठ्या विसर्गाला रेघ खाली वाकलेली दिसली तर तिला जबरदस्तीने सरळ करू नका. ते वाकणं म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी शिरायला लागल्याची वर्दी आहे.

टिकून राहणाऱ्या संहतीचा एक परिणाम लक्षात येत नाही: संहती जागेवर आणि पाणी शंभरपट, म्हणजे वाहून जाणारे क्षारही शंभरपटींच्या जवळ. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये कृष्णा खोरं आणि सह्याद्रीतल्या पश्चिमवाहिनी नद्या यांची तुलना केली. दगड तोच, तरी घाटाच्या पश्चिमेला बेसाल्टची रासायनिक झीज जास्त वेगाने होते, कारण तिथे पाणी जास्त वाहतं.

आता नायट्रेट. ते दगडातून येत नाही, मातीच्या वरच्या वीतभर थरातून येतं, जिथे मुळं, कुजलेला पाला आणि जीवाणू असतात. डिसेंबरचं खोलवरचं पाणी त्या थराला शिवतही नाही. जुलैत पाण्याची पातळी तिथवर चढते आणि नायट्रेट उचलून आणते. उत्तर स्वीडनमध्ये क्रिकलानच्या पाणलोटात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनची हीच गोष्ट नोंदवली गेली: पातळी काठाच्या कुजकट मातीपर्यंत चढली की पाणी चहासारखं तपकिरी होतं.

आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर पडते. चार-पाच महिने कोरडी पडलेली माती पहिल्यांदा भिजते तेव्हा जीवाणू एकदम जागे होतात आणि नायट्रोजन मोकळा होतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये हे दाखवलं, म्हणून त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. मृगाच्या पहिल्या पावसाचा वास सगळ्यांना माहीत असतो. त्याच दिवसाचा नमुना मात्र क्वचितच कुणाकडे असतो. त्यानंतर भातखाचरात लावणी झाल्यावर पडलेला युरिया. तुमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला खाचरं असतील तर लावणीच्या तारखा शेतकऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. त्या एका वहीने पुढे कितीतरी बिंदूंचा उलगडा होतो.

नायट्रेटचा साठा मातीतच असतो याबद्दल शंका असेल तर पुन्हा हबर्ड ब्रुक. १९६५ च्या हिवाळ्यात तिथल्या एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली आणि पुढची तीन वर्षं तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं, बाहेरून कुठलंही खत न टाकता. जे झाडांनी उचललं असतं ते ओढ्याला गेलं.

मोठ्या शेतीप्रधान खोऱ्यांत आणखी एक वळण येतं. मिसिसिपीसारख्या खोऱ्यांच्या नोंदी घेऊन नंदिता बसू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की तिथे नायट्रेटही दगडाच्या क्षारांसारखं वागू लागतं, म्हणजे विसर्ग बदलला तरी संहती जवळपास तीच. कारण खताचा साठा जमिनीत आणि भूजलात इतका साचलेला आहे की तो संपतच नाही. खत आज कमी केलं तरी नदीत फरक दिसायला वर्षं लागतात. तुमच्या ३ चौरस किलोमीटरच्या ओढ्याचं नायट्रेट अजून पाण्याबरोबर वर-खाली होतंय, याचा अर्थ साठा वरच्या थरातच आहे. ही चांगली बातमी समजा.

उणे १ च्या जवळचा उतार पाहायचा असेल तर डोंगर उतरून शहराच्या खाली जा. सांडपाणी दिवसाला साधारण तेवढंच येतं, ऊन असो की पाऊस. पुण्याखाली मुळा-मुठेत उन्हाळ्यात नदीचं पाणी म्हणजे मुख्यतः सांडपाणीच; पावसाळ्यात धरणांतून पाणी सुटलं की तेच पातळ होतं. एखाद्या ओढ्याच्या आलेखात फॉस्फेट किंवा अमोनिया उणे १ च्या रेघेवर बसलं, तर वरच्या अंगाला कुठेतरी पाइप आहे असं समजून काठाने चालत जा. मी असे दोन पाइप आलेखावरून आधी शोधले आणि डोळ्यांनी नंतर.

आता नमुने घेण्याबद्दल, कारण खरी गडबड तिथेच होते, आणि माझ्या हातूनही झाली आहे. एका प्रकल्पात आम्ही तीन पावसाळे नियमाने नमुने घेतले. जीप सकाळी दहाला निघायची आणि पाचला परत यायची. तिसऱ्या वर्षी पातळीची आपोआप होणारी नोंद हातात आली तेव्हा कळलं की बहुतेक मोठे पूर रात्री आणि पहाटे येऊन गेले होते. आमच्या वहीत ओढ्याला कधी पूर आलाच नव्हता.

यात किती नुकसान होतं ते एका काल्पनिक उदाहरणावर पाहा. वर्षातले २४० दिवस विसर्ग सेकंदाला १० लिटर आणि नायट्रेट-नायट्रोजन (नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन) लिटरला ०.५ मिलिग्रॅम, उरलेले १२५ दिवस विसर्ग ५०० लिटर आणि २ मिलिग्रॅम. खरा वार्षिक भार, म्हणजे वर्षभरात वाहून गेलेला एकूण नायट्रोजन, येतो सुमारे १०,९०० किलो, आणि त्यातले कोरड्या दिवसांचे फक्त १०४ किलो. आता महिन्याला एक नमुना घेऊन बाराही आकड्यांची सरासरी काढा: १ मिलिग्रॅम. सरासरी विसर्ग १७८ लिटर. दोन्ही गुणले की भार ५,६०० किलो. निम्मा गायब, आणि गणितात कुठेही बेरीज चुकलेली नाही. म्हणून विसर्गाने भारित सरासरी, म्हणजे जास्त विसर्गाच्या नमुन्याला जास्त वजन देणारी, घ्यायची. लॉग-लॉग रेघेवरून भार काढायचा तर आणखी एक खाच आहे: लॉगमधून परत नेहमीच्या आकड्यांत येताना उत्तर कमी पडतं. फर्ग्युसन यांनी हे १९८६ मध्ये दाखवून दुरुस्तीही दिली आहे, ती वापरा. आणि विसर्गासमोर थेट भार मांडून 'किती सुंदर रेघ आली' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. भारात विसर्ग आधीच गुणलेला आहे. दोन्ही अक्षांवर तोच बसला की रेघ सुंदर येणारच.

एका पुराचे आठ-दहा नमुने मिळाले तर बिंदू क्रमाने जोडा. बहुतेक वेळा रेघ न होता फास तयार होतो: चढत्या पाण्यात २०० लिटरला एक संहती, उतरत्या पाण्यात त्याच २०० लिटरला दुसरी. फास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरला तर पदार्थ आधी येऊन गेला. तो ओढ्याजवळ किंवा पृष्ठभागावर सैल पडलेला होता. उलट फिरला तर तो उशिरा, जमिनीखालून किंवा लांबून आला. इव्हान्स आणि डेव्हिस यांनी १९९८ मध्ये फासांच्या आकारांवरून भूजल, मातीतलं पाणी आणि ताजा पाऊस यांचा क्रम लावायची पद्धत दिली. ती आकर्षक आहे, पण चार वर्षांतच चनात, राइस आणि हॉर्नबर्गर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या परिस्थितींतून एकसारखाच फास निघू शकतो. मी फास पाहून प्रश्न विचारतो, उत्तर मात्र विहिरीच्या आणि पावसाच्या नमुन्यांतून घेतो. संपूर्ण हंगामाचाही असाच फास असतो. जूनमधले १०० लिटर आणि सप्टेंबरमधले १०० लिटर यांचं पाणी वेगळं असतं, म्हणून महिन्यागणिक बिंदूंना वेगळे रंग द्या.

स्वयंचलित नमुना यंत्राचे पैसे नसतील तर अडून बसू नका. काठावर भक्कम खांब रोवा आणि त्यावर वेगवेगळ्या उंचीला अरुंद तोंडाच्या बाटल्या बांधा. पाणी चढताना त्या एकेक करून भरतात आणि रात्रीचा चढता पूर सापडतो. उतरत्या पाण्यासाठी सकाळी स्वतः जावं लागेल. नायट्रेटचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून बर्फात ठेवा. बाटलीत दोन दिवस राहिलेलं पाणी तुमचं राहत नाही, जीवाणूंचं होतं.

या हंगामाचे अजून आठवडे हाताशी आहेत. मोठे दोन पूर आणि सप्टेंबरनंतरचा उतरता प्रवाह, दर चार-पाच दिवसांनी एक नमुना, असं पकडा. त्याबरोबर पावसाची बाटली, काठावरची एक विहीर आणि वरचा एखादा झरा, यांची वाहकता, क्लोराइड आणि सिलिका. डिसेंबरात विसर्ग पुन्हा ४ लिटरवर आला की त्याच जागी, त्याच मीटरने पुन्हा मोजा. वाहकता ३०० च्या जवळ आली तर तुमचा पहिला आकडा पक्का. २५० आली, तर मागच्या डिसेंबरात जमिनीत किती पाणी शिल्लक होतं ते विहिरीच्या नोंदींत शोधा.